शेवटची विसळ

सप्टेंबरपासून माझ्या कुपीत एकही घन आलेला नाही.

आले ते गोल. काही लांबुळके, दोन-चार त्रिकोण,
कुटात राहून गेलेल्या अर्ध्या शेंगदाण्यासारखे
कसेही.
पडद्यावर त्यांचा पसारा बघताना
मला हुपरीचे आप्पा दिसतात,
चांदीच्या तारेचे तुकडे कोळशाच्या भुकटीत पेरून
फुंकणी ओठांना लावलेले.
तुकडा लाल होतो, अंग चोरतो,
रवा होऊन गडगडतो.
"गोल हुयाला काय लागत न्हाई," आप्पा म्हणायचे,
"सोडून दिली की चांदी गोलच हुती.
कोपरा पायजे तर कुणीतरी धरून बसाय लागतंय."

मी धरून बसलेय.
दीडशे अंशांवर तेल, तेलात बुडालेलं ग्लायकॉल,
त्यात थेंब थेंब चांदीचं मीठ
आणि पॉलिमरचे धागे, जे म्हणे
घनाच्या सहाही भिंतींना बिलगतात,
इथं नको गं, तिकडं कोपऱ्याकडं सरक म्हणतात.
वहीत तापमान, मिनिटं, ढवळण्याचा वेग.
बोटांवर काळे डाग, साबणाला न जुमानणारे.
आई म्हणते, शिकून काय केलंस,
हात तर बापासारखेच.

गेल्या वर्षी हेच सगळं, याच टेबलावर.
आणि कुपीत मातकट पिवळा रंग,
आत फासेच फासे,
एका केसाच्या जाडीत हजारभर ओळीनं मावतील एवढे.
आता सर विचारतात, ग्लायकॉल बदललं?
नाही.
चांदी? तीच.
झाकण उघडं ठेवलंस? तेवढंच.
नवी, जास्त शुद्ध बाटली पुण्याहून मागवली.
आणखी गोल.

ऑगस्टच्या एकतीस तारखेला आण्णाप्पा मामा रिटायर झाले होते.
एकोणतीस वर्षं काचसामान धुतलेला माणूस.
शाल, नारळ, पेढे, एक फोटो.
तो फोटो आणि माझी वही
कुणी शेजारी ठेवून बघितली नव्हती.

फेब्रुवारीत पेन्शनच्या कागदासाठी आले,
मोर ओरडत होते बाहेर, मामा दारात चप्पल काढत होते.
सवयीनं स्टँडवरची कुपी उचलून उजेडाकडं धरली.
"कशानं विसळतीस?"
डिस्टिल्ड वॉटर. तीनदा.
"आन् मग?"
मग काय, ओव्हनमध्ये.
मामा हसले. लाजल्यासारखे.
"त्यो प्लांट थेंब थेंब गळायचा गं,
तुमी धा पोरं, पन्नास कुप्या.
म्या एकदा त्यातनं काढायचो
आन् शेवटाला नळाखाली धरायचो.
कुणाला सांगू नगंस."

नळाखाली.
कोल्हापूरचं पाणी, ब्लीचिंगच्या वासाचं,
आटलं की काचेवर क्लोराइडची पुसट साय सोडणारं.
ती साय वाकड्या जन्माच्या बियांना कुरतडते,
पुन्हा विरघळवते,
सरळ जन्मलेल्या तेवढ्या राखते.
हे मला पुस्तकात माहीत होतं.
नळात माहीत नव्हतं.

तीन दिवस मीठ तोलत बसले,
चिमटीच्याही चिमटीएवढं.
चौथ्या दिवशी संध्याकाळी द्राव मातकट झाला
आणि मी एकटीच मोठ्यानं "आले" म्हणाले.

प्रबंधात लिहिलं: सोडियम क्लोराइड, अत्यल्प मात्रा.
दुसरं काय लिहिणार?
नाव लिहिलं तर माणूस अडचणीत,
नाही लिहिलं तर मी.
ते पान अजून उघडंच आहे.

रविवारी आप्पांना मोबाइलवर घन दाखवले.
चष्मा कपाळावर सारून, स्क्रीन अगदी डोळ्याला लावून
बराच वेळ बघत राहिले.
कडा चांगल्या हाईत, म्हणाले.
मग काळं बोट एका घनावर ठेवून,
खरंच काळजीनं:
"पर ह्येला भोक कुठनं पाडणार?"