उतरताना

मत्राह बंदरामागच्या दवाखान्यात माझ्याकडे एक खुर्ची आहे.
घोटा पट्ट्यानं बांधायचा, आणि लाथ मारायला सांगायचं.
झुलेखा मुकादमनं मारली.
आकडा आला : डावी मांडी कमी, उजवीहून बरीच कमी.
"त्या यंत्राला सांग बाय,
डावा पाय माझा लाथ मारायचा नाही, टेकायचा आहे."

वय त्रेपन्न. गाव गुहागरकडचं.
लग्नाआधी चिरेखाणीवर :
ओल्या जांभ्याचा चिरा डोक्यावर, आणि ट्रकला लावलेली फळी.
फळी लवेल तसा गुडघा लववायचा.
ताठ गुडघ्याची बाई पडते,
हे तिला तानूबाईनं शिकवलं. तानूबाई स्वतः दोनदा पडली होती.

इथं अठरा वर्षं. डोंगराला चिकटलेलं घर,
रस्त्यापासून ब्याण्णव पायऱ्या,
एक दुसरीएवढी नाही.
पाण्याचे कॅन, कांद्याची गोण, गॅस,
आणि आता एक दिवसाआड, डायलिसिसला, बीबी शम्सा.

मी बघायला गेले.
बीबी एक्केचाळीस किलो, ओढणीनं पाठीशी बांधलेली.
"कॅन बरा," झुलेखा म्हणाली, "तो घाबरत नाही.
हिचं वजन दर पायरीला नवं."

आधी चवडा. अंगठा दगड चाचपतो.
मग टाच.
मग वरचा गुडघा इतक्या सावकाश वाकतो,
की गाळ काढायला विहिरीत उतरलेल्या माणसाचा दोर
कुणी वीतवीत सोडतंय.
पुस्तकात यासाठी एक बाण काढलेला असतो.

सत्तेचाळिसाव्या पायरीवर शेळी आडवी.
बीबीनं दचकून तिचा गळा आवळला,
डावा गुडघा आत वळू लागला,
मी मागून हात पुढे केला
तोवर तो परत बोटांच्या रेषेत.
कसा आला, मला दिसलं नाही.
तेवढंच तर बघायला गेले होते.

खाली बीबीला गाडीत बसवून, दार लावून,
ती कठड्याला टेकली
आणि तेव्हा पाय थरथरले.
दोन्ही. बराच वेळ. सलवारीचं कापड हलताना दिसत होतं.
"लाथेचा आकडा लिही," म्हणाली,
"हे नको. घरचे कागद वाचतात."

माझी पिशवी वरच राहिली होती.
राहू दे, उद्या नेईन, म्हणेपर्यंत
ती चौथ्या पायरीवर होती.