परिशिष्ट तीन

मे महिन्यात अख्ख्या विद्यापीठात गार असते एकच खोली,
सर्व्हरची.
डबा आम्ही तिथेच खातो
आणि कुलपंही तिथूनच लावतो.

नऊशे चौदा प्रबंध.
त्यातल्या दोनशे सहांपुढे पडद्यावर
मेथीच्या दाण्याएवढं पिवळं कुलूप.
काहींची मुदत येत्या पोळ्याला संपेल,
काहींची मी निवृत्त झाल्यावर.
कुलूप का लावलं, त्याचे पर्याय ठरलेले:
पेटंट प्रलंबित.
पुस्तक छपाईत.
प्रकाशकाची परवानगी नाही.
आणि 'इतर', त्याला चाळीस अक्षरांची चौकट.

मुनाफ तडवी आला तेव्हा गिरणेच्या पुलावर
केळीच्या ट्रकांची रांग अडकलेली होती,
आणि त्याच्या शर्टाच्या बाहीवर चिकाचे काळे डाग.
सावद्याच्या वखारीत घड उतरवतो, म्हणाला.
"मॅडम, आजीचं रडणं आहे म्हणे तुमच्याकडं."

होतं.
मयतीचे बोल, यावल तालुका, परिशिष्ट तीन.
सांगणारी: हुरमतबाई तडवी, वय अंदाजे पंचावन्न.
वर कुलूप.

प्रबंध लिहिणाऱ्या फालक बाई आता नाशकात.
फोनवर म्हणाल्या, "करारावर सही केली होती गं,
वाचला नव्हता. पुस्तक निघतंय याचाच आनंद."
मग दिल्लीला पत्र.
आपले पत्र मिळाले.
पुन्हा पत्र. आपले पत्र मिळाले.
असं सात वेळा मिळालं.
आठव्याला एका माणसाने उत्तर दिलं, खाली नाव होतं त्याचं:
तुमचा मूळ मसुदा ठेवा. आमची सजवलेली पानं नकोत,
आमचे पृष्ठांक नकोत,
तळाशी आमच्या नावाची एक ओळ हवी.
मला हसू आलं.
बाईचं रडणं तेच, फक्त अंगावरचे आकडे उतरवायचे.

उतरवले.
जुना मसुदा शोधला, सीडीवर होता, सीडीला ओरखडा.
मुनाफला फोन केला: ये, उघडलंय.

तो आजीला घेऊन आला.
यावलच्या बसमधून, दुपारी दोनला,
डोक्यावरचा पदर चिंब.
सर्व्हरच्या खोलीत बसवलं तिला, ती कुडकुडली.
मुनाफ वाचू लागला, एकेक बोल, अडखळत,
आमच्या अक्षरांत तिची बोली नीट बसत नव्हती.
पहिल्या दोनांना ती मान हलवत राहिली.
एका जागी चूक काढली,
"तसं नाही रे, 'निंबाखाली' म्हण," आणि हसली.

तिसऱ्याच्या दुसऱ्या ओळीला
तिने हात पडद्यावर ठेवला. सगळा तळवा.

"हे माह्या शेहनाजचं हाये.
तवा मी रडत व्हते,
अन् ती बाई लिहीत व्हती.
बाकीचं उघडं कर, पोरी. हे झाक."

मी म्हणाले, आजी, दिल्लीनं परवानगी दिलीय.
बोलून झाल्यावर मला ते वाक्य ऐकू आलं.

"मले कोनी इचारलं व्हतं?"

ती भांडत नव्हती. भाव विचारावा तसं विचारलं,
आणि उत्तराची वाट पाहत बसली.
यंत्रं घुमत होती.
मुनाफ चपलेच्या अंगठ्याकडे पाहत होता.

मी फाईल तोडली. दोन बोल वेगळे, एक वेगळा.
एकावर कुलूप.
कारण विचारलं गेलं. 'इतर' निवडलं.
चौकटीत लिहिलं: सांगणारीने नको म्हटलं.
अक्षरं उरली.
मग मुदत कधी संपणार, तो रकाना
रिकामा सोडता येत नाही.
पोळा टाकू? माझी निवृत्ती?
सन नऊ हजार नऊशे नव्याण्णव टाकलं.
यंत्राने काही न बोलता घेतलं.

जाताना तिने डबा पाहिला माझा,
भरीत होतं, तेल वर आलेलं.
"मिरची भाजून टाकत जा," म्हणाली,
आणि उन्हात गेली.

उरली दोनशे सहा.
एक उघडलं, एक लावलं.