दुसऱ्या मिस्सेनंतर

प्रेसमध्ये एकतीस वर्षं मी चुका शोधल्या.
शाई पसरलेली, कड तिरपी कापलेली,
आकडा केसभर सरकलेला.
आधी बोट थांबायचं, मग डोळा.
बाद, म्हणायचं, आणि कागद डावीकडे.
भोंगा झाला की गेटवर झडती:
डब्याचं झाकण, अंबाडा, चपलेचा तळ.
एवढ्या पैशांतून रोज रिकाम्या हाताने घरी.

आता रविवारी दुसरी मिस्सा सुटली की
वेदीमागच्या खोलीत चटई टाकतो,
नाही, टेबल. माझ्या गुडघ्यांकडे बघून
फादरांनी यंदा टेबल दिलंय.
कपाटाचं दार नीट लागत नाही,
फटीतून जांभळा झगा दिसतो. उपवासकाळ.
समोर आरोक्यम्मा, गार्डसाहेबांची विधवा,
तमिळमध्ये मोजते, मराठीत सांगते.
आम्ही थैली उपडी करतो.

दहाच्या. दहाच्या. घामाने मऊ पडलेली वीस.
एकीला मेथीचं पान चिकटलेलं.
एक मधोमध चिकटपट्टी लावलेली,
बिटकोच्या कोपऱ्यावर दूधवाल्याने
नक्की परत केली असणार.
जी कुठेच चालत नाही ती देवाकडे चालते,
असं आपल्या लोकांचं पक्कं मत आहे.
हात सवयीने डावीकडे जातो.
मी त्याला धरून परत आणते.

राखेच्या बुधवारी फादरांनी कपाळाला अंगठा लावला:
माती आहेस, मातीला मिळशील.
गेल्या वर्षीच्या झावळ्यांची राख ती,
घराघरातल्या क्रूसामागून काढून आणलेल्या.
मला भट्टी आठवली. बाद नोटा जळाल्या की
पाचशेची राख आणि पाचाची राख
मला तरी कधी वेगळी ओळखता आली नाही.

एक गोष्ट मात्र मी वहीत लिहीत नाही.
बायकांच्या बाजूला थैली मीच फिरवते.
पाचव्या बाकावर एस्तेर पारखे, राहुरीकडची,
पिंपळगावला द्राक्षांच्या पॅकिंगला जाते,
बोटांची कातडी औषधाने सोललेली.
थैली पुढे आली की मूठ आत घालते,
आत उघडते, बाहेर काढते.
काही पडत नाही.
शेजारणीला वाटतं, पडलं.
पण कागद पडल्याचा आवाज मला नाही
तर कुणाला कळणार?
मी नजर वेदीकडे ठेवते. ती पण.

परवाच्या रविवारी थैली उपडी केली
तर नोटांवर घरंगळत आले
तीन मणी.
हिरवे, बारीक, एकाला देठाचा तुकडा.
आरोक्यम्मा म्हणाली, मूणु. मग म्हणाली, तीन.
मग म्हणाली, हे काय?

मला माहीत होतं काय ते.
परदेशी जाणारा मणी सोळा मिलिमीटरचा लागतो.
एस्तेर दिवसभर कात्रीने
त्याहून लहान असेल ते खाली पाडते.
बाद, म्हणत असेल तीही मनात.
आणि त्यांच्याही गेटवर झडती असते, ऐकलंय.
मग हे तीन कुठून, कसे,
पदराच्या कुठल्या गाठीतून आले,
ते मी विचारणार नव्हते.

एक आरोक्यम्माने खाल्ला, देवाचं नाव घेऊन.
एक मी.
आंबट. जिभेला कडेने झिणझिणी.
तिसरा बराच वेळ टेबलावर राहिला,
चिल्लरीच्या शेजारी, ओलसर.
फादर आले, चष्मा पुसत म्हणाले, किती झाले?
चार हजार दोनशे दहा, मी म्हटलं,
आणि बोटाने तो मणी त्यांच्याकडे सरकवला.
त्यांनी विचार न करता तोंडात टाकला,
तोंड वाकडं केलं, आणि सही केली.

वहीत ‘इतर’ असा एक रकाना आहे.
इतकी वर्षं कोराच होता.
मी त्यात तीन लिहिलं.
रुपये नाही लिहिलं.
हिशेबनीस कुटिन्हो भांडेल वर्षअखेरीस,
भांडू दे.

काल पुन्हा पाचवा बाक.
मूठ आत गेली, उघडली. काही नाही.
मी थैली जरा जास्त वेळ धरून ठेवली.