निरगाठ

टोपी घ्यायला पैसे नव्हते.
आईनं बापाची जुनी फेल्टची टोपी काढली,
काठाला पिठाची खळ लावली
आणि दोन दिवस गच्चीवर दगडाखाली दाबून ठेवली.
तिसऱ्या दिवशी विस्तिन ती घालून निघाला
आणि बंदरावर श्लोक्क सुटला,
आफ्रिकेकडून येणारा, ओल्या फडक्यासारखा वारा.
टोपीचे काठ गाढवाच्या कानांसारखे लोंबले.
मी हसले. त्यानं मला मारलं नाही.
स्काउट बहिणीला मारत नाही, म्हणाला.
मला वाटलं,
इंग्रज माल्टात आले ते एका अर्थी बरंच झालं.

पुस्तकात जंगल होतं.
झाडाच्या ज्या अंगाला शेवाळ, ती उत्तर.
आमच्याकडे झाड म्हणजे
चर्चमागचा एकुलता कॅरोब;
शेवाळ कुठलं, प्यायचं पाणी मोजून.
सार्जंट पेटिफर म्हणाले, समजा, हे जंगल आहे.
चौदा पोरं दगडी बांधांमधून,
त्या समजलेल्या जंगलातून
पोटावर सरपटत गेली.
एका शेळीनं सगळ्यांना शोधून काढलं.

दुन लॉरेन्त्सनं शपथेचा कागद मागवला.
उन्हात धरून दोनदा वाचला,
इंग्रजी येत नव्हतं तरी.
"देव म्हटलंय खरं. पण कुणाचा?"
राजाबद्दल काही विचारलं नाही.
राजा कुणाचा ते सगळ्यांना ठाऊक होतं.

गाठींच्या परीक्षेच्या आदल्या रात्री
बाप उंबऱ्यावर जाळं सांधत बसलेला.
विस्तिननं दोरी घेतली, पुस्तक उघडलं,
डावं उजव्यावर, उजवं डाव्यावर.
बापानं नजर पाण्यावरच ठेवून
एका हातानं तीच गाठ मारली.
मग तिची बहीण. मग तिची सासू.
"हिला इंग्रजीत काय म्हणतात?"
विस्तिननं सांगितलं.
ते नाव बापानं ऑलिव्हच्या बीसारखं
तोंडात बराच वेळ घोळवलं
आणि थुंकून टाकलं.

बिल्ला विस्तिनला मिळाला.

मग लढाई, जखमींनी भरलेली जहाजं,
शाळेत खाटा. निरोप पोचवून पोचवून
त्याचे बूट संपले.
मग लढाईही संपली आणि पाव महागला.
त्या जूनमध्ये लोक रस्त्यावर उतरले
आणि सैनिकांनी गोळ्या झाडल्या,
ज्या राजाची शपथ, त्याच राजाच्या.
एका अनोळखी माणसाच्या मांडीला
विस्तिननं गळ्यातला रुमाल करकचून बांधला.
पुस्तकातली गाठ नव्हे. सासू.

महिन्यानं एक बाई रुमाल परत घेऊन आली.
धुतलेला, इस्त्री केलेला,
गाठीच्या शेजारून कापलेला.
गाठ तशीच.
"सुटेना," ती म्हणाली. माणसाबद्दल बोलली नाही,
आम्हीही विचारलं नाही.

शनिवारी तो कवायतीला गेला, उघड्या गळ्यानं.
रुमाल कुठाय, सार्जंट पेटिफरनी विचारलं.
हरवला, तो म्हणाला,
आणि नेहमीसारखा डावा हात पुढे केला.
तोवर तो कधी खोटं बोलला नव्हता.