एक सवारी कमी

हर्षदा, तू विचारलंस,
ग्वाल्हेरला आल्यावर टेंपोनं फिरावं की गाडी करावी.
दोन दिवसांच्या पाहुणीला काय सांगणार?
गाडी कर.
टेंपो किल्ल्यावर चढत नाही.
किला गेटच्या तोंडाशी उतरवतो
आणि हनुवटी वर करून म्हणतो, सामने ही तो है.
ते सामने म्हणजे छातीवर येणारा चढ,
आणि तुझे गुडघे आपल्याच घराण्यातले.

गाडीवाला काचा वर करील,
गूजरी महाल, सासबहू, तेली मंदिर ओळीनं उरकील,
संध्याकाळी हॉटेलच्या दारात सोडील
घडी न मोडलेल्या साडीसकट.

टेंपो म्हणजे आधी आवाज.
मग धूर. मग तो पोरगा,
एक पाय आत, बाकी सगळा बाहेर,
बाडा-बाडा-बाडा-बाडा असा ओरडत येणारा
की नवख्याला वाटावं, याचं कुणीतरी हरवलंय.
समोरासमोर दोन फळ्या, चौघांच्या जागेत पाच,
गुडघ्यांत गुडघे, झिप लावल्यासारखे.
उतरायचं एकाला, उठायचं तिघांनी.
आणि भरल्याशिवाय हलायचं नाही.
पडावला मी अठ्ठावीस मिनिटं बसलेय एकदा,
मे महिन्यात, पत्र्याखाली,
एक सवारी कमी म्हणून.

दहाचं नाणं देऊ नकोस, घेत नाहीत.
सरकारनंच काढलंय म्हटलं
तर म्हणतात, फिर सरकार को ही दे दो.
रात्री मुरारचा टेंपो रिकामा आला तर बसू नकोस,
भरलेला येऊ दे.
बघ, गाडी करणारीला हे काही सांगावं लागत नाही.

एक सांगते, तुझ्या आईला बोलू नकोस.
थाटीपूरहून येत होते, भाऊजींचा फोन आला,
ह्यांच्या रिपोर्टाचा.
टेंपोत हळू बोलून चालत नाही,
मी ओरडूनच बोलले, पण मराठीत.
आम्हा दक्षिण्यांचा लश्करातला पडदा तो,
नणंदेपासून भेंडीच्या भावापर्यंत
सगळं त्याच्याआड चालतं.
म्हटलं, गाठ साधी नाही. मुलाला कळवू नका इतक्यात.
म्हटलं, पैशांचं मी बघते, पाटल्या आहेत.
कुणी मान वळवली नाही.
समोर एक बाई, पदर भुवयांपर्यंत,
मांडीवर गजकचा डबा, दोन्ही हातांनी धरलेला.
फूलबागेला उतरताना तिनं माझ्या मनगटावर हात ठेवला.
"पाटल्या नका हो मोडू एवढ्यात.
आमच्या ह्यांचं असंच होतं. सात वर्षं झाली,
अजून भांडतात."

टेंपो सुटला. नाव विचारायचं राहिलं.
आधी लाज वाटली, कानांच्या पाळ्यांपर्यंत,
दार लोटायचं विसरून न्हायला बसावं तशी.
बरं वाटलं ते पार छावणी आल्यावर,
तेही का, कळलं नाही,
आणि सुटे घ्यायचे विसरले.

पाटल्या मोडल्याच शेवटी, आश्विनात.
तिचं खरं ठरलं नाही.
तरी कधी फूलबागेला टेंपो थांबला
की मी डबे बघते लोकांच्या मांडीवरचे.

आता ई-रिक्शा निघाल्यात.
धूर नाही, थरथर नाही,
कुजबुजलेलंही सगळ्यांना ऐकू जातं,
म्हणून कुणीच काही बोलत नाही.
तरुण पोरं कानांत बोंडं घालून बसतात.
त्यांचं चुकत नाही. मीसुद्धा
फोन आला तर आता कापून टाकते.

तर तू गाडीच कर.
मी येईन किल्ल्यापर्यंत, भाव मीच ठरवीन,
तुझ्या बोलण्यावरून तो दीडशे जास्तच सांगेल.
परतताना मला मात्र पडावला उतरव.
पुढचं बघते मी.
कुणाला तरी एक सवारी कमी असेलच.