दुधाचा दात

कौनासच्या प्रयोगशाळेत आज मी एकटीच.
बाकीचे दुपारीच गेले, सणाची घाई.
हीटरवर कुणाचे तरी ओले हातमोजे राहिलेत,
खोलीभर लोकरीचा वास, आणि आम्लाचा.

चिमट्यात एक दाढ.
मूल असेल आठेक वर्षांचं,
सहाशे वर्षांपूर्वी चर्चच्या उत्तर भिंतीलगत पुरलेलं.
नाव नाही. वहीत फक्त: थडगं एकतीस.

हाड बदलत राहतं, कातडी बदलते, मतं तर बदलतातच,
पण दाताचं कवच एकदाच घडतं.
तान्हेपणी ज्या विहिरीचं पाणी प्यालं
तिचा दगड दातात जाऊन बसतो
तो बसतोच.
यंत्र दशांशचिन्हापुढे पाच आकडे देतं
आणि मी सांगते: हे मूल इथलं नव्हे.
कुठून तरी आलं,
कुणाच्या तरी पाठीवर.

दुसरा आकडा नत्राचा.
अंगावर पिणारं बाळ तक्त्यात आईच्या एक पायरी वर दिसतं,
लांडगा हरणाच्या वर दिसतो तसं,
कारण ते तिलाच खात असतं.
दूध सुटलं की रेघ हळूहळू उतरते.
या मुलाची एकदम उतरली.
एकदम का, ते अहवालात लिहायला रकाना नाही.

रिमगाउदास, माझा भाऊ, दर नाताळला विचारतो:
पाच आकड्यांवर जगणारी तू
गुडघे कसे टेकतेस?
मी आजवर सूपच वाढत आले.

आज दाढ उजेडात धरली आणि वाटलं,
त्यालाही दाढ आली असणार.
ताप येऊन, लाळ गळून,
आईचं बोट चावत.
तिच्यात चुनखडीच्या डोंगरातलं पाणी,
आणि मध्येच एक पट्टा नाईलचा,
रात्रीतून पळालेल्या आईबापांचा.
आणि नत्राची रेघ वर.
सगळ्यांचं अन्न म्हणतो आम्ही ज्याला
तो आधी एका बाईवर जगला.

सगुण म्हणजे दुसरं काय?
ज्याला गुणधर्म आहेत.
जो काट्यावर ठेवला तर काटा हलतो.

ती दाढ उद्या कुणी आणून दिली
तरी यंत्र एवढंच म्हणेल:
मूल. हलवलेलं. अंगावर प्यालेलं.
देव हा शब्द त्याला छापता येत नाही.
यायलाही नको.
माझी श्रद्धा त्याच्या पुढची नाही, अलीकडची आहे:
की आकडा आला असता.

संध्याकाळी आईकडे.
टेबलक्लॉथखाली मूठभर गवत,
बाबांच्या रिकाम्या जागेपुढे ताट,
बारा पदार्थ, एकातही मांस नाही.
पवित्र पापडीचा तुकडा प्रत्येकानं प्रत्येकाच्या हातून मोडला,
रिमगाउदासनंही, खाली बघत.

मग खसखशीच्या दुधातलं बिस्कीट
योरिसनं भिजायच्या आतच चावलं
आणि त्याचा पुढचा दात पडला.
आई म्हणाली, चुलीमागं टाक,
उंदराला सांग: हाडाचा घे, लोखंडाचा दे.
त्यानं दात माझ्यापुढे धरला.
आत्या, यात लिहिलंय का मी कुठला?

लिहिलंय, म्हटलं.
आयर्लंड. कॉर्कच्या नळाचं पाणी.
तुझे आईबाबा तिथं बर्फात मासे भरायचे
तेव्हा तू आईच्या पोटात होतास, मग पाठीवर.
इतकं सगळं? एवढ्याशा दातात?
मी मान हलवली.

रिमगाउदास काही बोलला नाही.
लेकाच्या तळहातावरून दात उचलला,
नॅपकिननं रक्त पुसलं,
जरा वेळ नुसता धरून बसला,
आणि चुलीकडे न जाता
पापडीचा चुरा उरला होता
त्या बशीत ठेवला.