नाव बदला

दुपारचे तीन, शाहूपुरी तिसरी गल्ली,
लाईट नुकतीच आलेली.
दस्तगीरचाचांनी काउंटरवर ठेवला
रबरबँड गुंडाळलेला प्लेअर,
काडेपेटीएवढा, काच एका कोपऱ्यात तडकलेली.
"ह्यातली गाणी काढ की वैजू कॉम्प्युटरात.
बॅटरी अर्ध्या कडव्यापतोर टिकते, मग मान टाकते."

मी कुणाचा तरी उत्पन्नाचा दाखला भरत होते.
तो तसाच ठेवून केबल शोधल्या.
तीन बसल्या नाहीत.
चौथी बसली, तीही बोटानं तिरकी धरली तरच.
उघडून बघितलं तर आत काहीच नाही.
चाचा माझ्या तोंडाकडं बघत राहिले,
एक्स-रे धरलेल्या डॉक्टरकडं बघावं तसं.

लपवलेल्या फाइली दाखव, असं मशीनला सांगितलं
तेव्हा आल्या. एकशे बारा.
पण नावं अशी, की कुणी अक्षरं सुपात घेऊन पाखडलीत:
जेटीव्हीक्यू. एमएक्सओआर. डब्ल्यूपीकेझेड.
गाण्याचा पत्ता नाही, गाणाऱ्याचाही नाही.

"लाव एकेक," म्हणाले, आणि स्टूल ओढलं.

एकतीस वर्षं क्लॅरिनेट, बँड कंपनीत.
नवं गाणं आलं की ह्या डबीत भरायचं,
रात्रभर कानाशी,
सकाळी बोटांत.

पहिल्याला त्यांना दोन सेकंद पुरले.
"ही कसबा बावडा. घोडा फटाक्याला बुजला,
नवरदेवासकट उसात."
मी उजवं बटण दाबलं, नाव बदला,
टाइप केलं: कसबा बावडा घोडा उसात.
"लिहितीस काय गं?"
"तुम्ही सांगताय तेच."
मग जरा सावरून बसले.

"ही हुपरी. चांदीवाल्यांचं लग्न, पैसे रोख,
जेवायला मात्र रात्रीचा एक."
"ही वडणगे. पोरीचा बाप नाचता नाचता मटकन खाली बसला.
आम्ही थांबलो. तर म्हणतोय, वाजवा की, थांबलाय कशाला."
"ही शिरोली. आणि ही पण शिरोलीच, धाकट्याची.
थोरल्याची मोडली तवर."

बाहेर टेम्पो लागला, कुणी गुळाच्या ढेपा मोजत होतं.
एकसष्टावी लावली.
चाचा गप्प.
"ओळखू येईना होय?"
"येतंय की. वाजवली न्हाई ही.
शिकलो, आणि त्या साली डॉल्बी आला."

नाव बदला: वाजवली नाही.
पुढचीही तीच. त्याच्या पुढचीही.
मशीन अडलं: ह्या नावाची फाइल आधीच आहे.
म्हणून आकडे घालत गेले,
वाजवली नाही दोन, वाजवली नाही तीन,
नऊ, चौदा.
मान वर केली तर काउंटरच्या काचेवर
त्यांची बोटं चालली होती,
एक भोक मिटत, एक उघडत,
गाण्याच्या किंचित पुढं.

एकोणीस झाल्या तशा.

सगळं उतरलं. विचारलं, पेनड्राइव्ह आणलाय?
नाही.
घरी कॉम्प्युटर?
"माझ्या घरात कुठला गं कॉम्प्युटर?"
मग न्यायचं कशात?
"न्यायचं कशाला? राहू दे तुझ्याकडं."
मग प्लेअर उचलला, कानाशी हलवून बघितला,
"अजून हाय न्हवं ह्यात?
का घागर उपडी केलीस?"
आहे चाचा, इथंही आहे, तिथंही आहे.
हे त्यांना पटलं नाही.
वीस रुपये काचेवर ठेवले,
रबरबँड पुन्हा दोन वेढे देऊन लावला,
आणि लक्ष्मीपुरीच्या बाजूला गेले.

सर्व्हर डाऊन असला की मी लावते
वाजवली नाही, अकरा.
दाखल्याच्या रांगेतला एखादा पोरगा विचारतो,
ताई, कुठलं गाणं हे?
मी स्क्रीन त्याच्याकडं वळवते.